सायकलला कुठलं ग्रीस घ्यायचं, कुठे किती लावायचं आणि कुठे अजिबात नाही

आधी थेट उत्तर देतो, कारणं नंतर. प्रश्न असा आहे की जुनी स्टीलची फ्रेम घेऊन घरीच सायकल बांधायचीय, दोन्ही हब (चाकाचा मधला भाग) कप-कोनचे, म्हणजे वाटी आणि शंकूच्या मधे सुटे छर्रे असलेले, हेडसेटही (हँडल जिथे वळतं ते बेअरिंग) छर्ऱ्यांचा, सीटपोस्ट आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमचे, पुण्यात रोज धायरी ते डेक्कन जायचंय आणि रविवारी सिंहगड पायथा नाहीतर पानशेत, शिवाय घरात मुलीची सस्पेन्शनवाली एमटीबी पण आहे. तर नाना पेठेतून एपी-३ या साध्या ग्रीसचा अर्धा किलोचा डबा आणावा की परदेशी कंपनीची ती छोटी महाग ट्यूब, आणि एकच ग्रीस सगळीकडे चालेल का?

नाना पेठेतून आणा, पण दुकानात शक्यतो एपी-३ ऐवजी ईपी-२ (ईपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, जास्त दाब सहन करणारं) मागा, त्यात लिथियम कॉम्प्लेक्स, म्हणजे साध्या लिथियमपेक्षा पाण्यात जास्त टिकणारं, मिळालं तर फारच छान, आणि कॅल्शियम सल्फोनेटवालं कुठे दिसलं तर विचार न करता तेच उचला. ते एक ग्रीस तुमच्या सायकलचं ९० टक्के काम करेल. फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकाची दातेरी चकती, जी उलटी मोकळी फिरते) आत ते घालायचं नाही, तिथे पातळ तेल. मुलीच्या फोर्कला ते अजिबात लावायचं नाही, तिथे सस्पेन्शनचं वेगळं ग्रीस लागतं, त्याची एक छोटी डबी घ्या. आणि कार्बनचा एकही पार्ट घेणार असाल तर कार्बन पेस्ट. झाली खरेदी.

आता कारणं, कारण ती कळली की पुढच्या वेळी दुकानात दुसराच डबा समोर आला तरी तुम्हाला स्वतःचं स्वतः ठरवता येतं.

ग्रीस म्हणजे मुळात तेलच. ते जागेवर धरून ठेवायला त्यात एक साबण घातलेला असतो, बहुतेक वेळा लिथियमचा, आणि वरून गंज रोखायला, दाब सहन करायला थोडी रसायनं. छर्रा फिरतो तेव्हा त्या साबणातून थोडं थोडं तेल सुटत राहतं, वंगणाचं खरं काम ते तेल करतं आणि साबणाचं काम म्हणजे ते तेल वाहून जाऊ न देणं. म्हणूनच डबा बरेच दिवस पडून राहिला की वर थोडं तेल तरंगलेलं दिसतं, ते बघून घाबरायचं नाही, स्वच्छ काडीने ढवळून घ्यायचं. पण तेल वाटीभर सुटलंय आणि खाली कोरडा गोळा उरलाय असं दिसलं तर तो डबा सोडून द्या.

डब्यावरचा २ किंवा ३ हा आकडा बहुतेक लोकांना क्वालिटीचा वाटतो, म्हणजे ३ नंबर २ पेक्षा भारी. तसं काही नाही, तो घट्टपणाचा नंबर आहे, एनएलजीआय ग्रेड म्हणतात त्याला. २५ अंशाला एक ठराविक वजनाचा शंकू ग्रीसमधे ५ सेकंद सोडतात आणि तो किती खोल गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २ नंबरला तो २६५ ते २९५ जातो, ३ नंबरला २२० ते २५०, आणि शून्य, दोन शून्य, तीन शून्य हे जवळजवळ वाहणारे. २ नंबर म्हणजे साधारण फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेल्या श्रीखंडाइतकं घट्ट. सायकलसाठी हे बरोबर माप आहे, छर्ऱ्यांच्या मधे नीट शिरतं आणि तरी जागेवर राहतं.

आपल्याकडे ऑटोच्या दुकानात नुसतं ग्रीस द्या म्हटलं की एपी-३ हातात पडतं, म्हणजे ऑल पर्पज, ३ नंबर, साधं लिथियम. कॅस्ट्रॉलचं, मॅकचं, जे असेल ते. ते वाईट नाही हे आधी स्पष्ट सांगतो, आधीच आणून ठेवलं असेल तर फेकू नका, हब, हेडसेट, पेडल सगळीकडे बिनधास्त वापरा. फक्त ते जरा जास्त घट्ट असल्यामुळे छर्ऱ्याने एकदा बाजूला ढकललं की लवकर परत जागेवर येत नाही, थंडीत तर अजूनच, आणि पाण्याच्या बाबतीत कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियमवाल्या ग्रीसइतकं टिकत नाही. नवीनच घेताय तर थोडं अजून चांगलं घ्या एवढंच माझं म्हणणं. डबा आयुष्यभर संपत नाही, त्यामुळे दीड-दोनशे रुपयांचा फरक हा काय फरक नव्हे.

आता पाण्याचा मुद्दा, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण सगळं इथेच आहे. दुकानदार ग्रीस विकताना काय सांगतो, साहेब हे अडीचशे डिग्री सहन करतं. ट्रकच्या व्हील बेअरिंगला ते हवंच, शेजारी ब्रेकचा ड्रम तापलेला असतो. सायकलचा हिशोब करून बघा ना. ३० च्या स्पीडने जाताय, ७०० सी च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला जेमतेम २४० फेरे मारतंय. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग, तर तुमच्या पायांच्या वेगाने, ८०-९०. हेडसेट फिरतच नाही म्हटलं तरी चालेल. एवढ्या वेगात गरम काय होणार? साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या पुढे जाऊन वितळायला लागतं, आपल्या एप्रिल-मे मधल्या चाळीस डिग्रीत त्याला काही होत नाही. अपवाद एकच, कोस्टर ब्रेक, म्हणजे उलटं पॅडल मारून ब्रेक लागतो तो हब, तो उतारावर आतून खरंच तापतो आणि तिथे हाय टेम्परेचरवालंच लागतं, पण तो तुमच्याकडे नाहीये.

म्हणजे सायकलच्या बेअरिंगला उष्णतेचं भय नाही, वेगाचं भय नाही. तिला मारतं ते पाणी आणि त्याच्यासोबत आत जाणारी बारीक माती. आणि तुमचा रूट बघा. सिंहगड रोडची बांधकामाची धूळ वर्षभर, जून ते सप्टेंबर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली, आणि पाणी ओसरल्यावर जो गाळ राहतो ना रस्त्यावर, तो पुढच्या चाकाने उडून सरळ खालच्या हेडसेट कपमधे आणि बॉटम ब्रॅकेटवर बसतो. ताम्हिणीत पावसाळी राइडला गेलात तर दिवसभर चाकातून पाण्याचा फवारा चालूच. म्हणून ग्रीस निवडताना डब्यावर तापमान वाचत बसू नका, वॉटर रेझिस्टंट, वॉटर वॉशआउट, मरीन, असले शब्द शोधा.

कॅल्शियम सल्फोनेटची मी एवढी शिफारस का करतो तर ते बोटींवर आणि पाण्यात चालणाऱ्या मशिनरीत वापरतात, त्यात थोडं पाणी शिरलं तरी ते पातळ होऊन वाहून जात नाही, आणि गंज रोखण्याचा गुण त्या साबणातच असतो, वेगळं रसायन घालून आणलेला नसतो. खालच्या हेडसेटला त्याच्याइतकं चांगलं काही मी वापरलेलं नाही. सुटं, कमी प्रमाणात मिळायला थोडं जड जातं, इंडस्ट्रियल वंगणाच्या डीलरकडे विचारावं लागतं, भोसरी-चिंचवड साइडला बघा, ओळखीत कोणी कंपनीत मेंटेनन्सला असेल तर लवकर मिळेल. नाहीच मिळालं तर लिथियम कॉम्प्लेक्स ईपी-२, ते कुठल्याही बऱ्या दुकानात असतं. आणि कोणी स्वस्तातलं चासिस ग्रीस दिलं तर? ते बहुतेक साध्या कॅल्शियमचं असतं, उष्णता सहन करत नाही पण पाण्याला चांगलं धरतं, गावाकडच्या घोडा सायकलीला अगदी योग्य आहे. फक्त ते काळं ग्रॅफाइटवालं नाही ना ते बघून घ्या.

काळ्या ग्रीसबद्दल सांगतोच. काळं म्हणजे सहसा त्यात मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, किंवा ग्रॅफाइट. मॉली कारच्या सीव्ही जॉइंटसाठी उत्तम, जिथे प्रचंड दाबाखाली घसरण असते. सायकलच्या छर्ऱ्यांना त्याने नुकसान होत नाही पण फायदाही नाही, वर कपडे, हात, बार टेप सगळं काळं, आणि मुख्य म्हणजे ग्रीस खराब झालंय का ते रंगावरून कळतच नाही. ग्रॅफाइट मात्र अ‍ॅल्युमिनियमजवळ नको, ओल असेल तर ते अ‍ॅल्युमिनियमला खायला लागतं. बाकी हिरवं, लाल, निळं हा नुसता रंग, त्याच्यावरून काही ठरत नाही. मी फिकट रंगाचंच घेतो कारण त्यात पाणी शिरलं की दुधाळ झालेलं लगेच दिसतं, माती गेली की करडं दिसतं, उघडल्याबरोबर आत काय घडलंय ते समजतं.

बाहेरच्या ट्यूबांबद्दल. पार्क टूलचं पॉलिल्यूब, शिमानोचं प्रीमियम ग्रीस, फिल वूड, मोटोरेक्स, सगळी उत्तम आहेत, यात वाद नाही. वर्षातून दोन हब करणाऱ्या माणसाला छोटी ट्यूब सोयीची पण असते, ट्यूबमधे धूळ जात नाही. पण ग्रॅमच्या भावाने बघितलं तर चांगल्या इंडस्ट्रियल ग्रीसच्या कितीतरी पट, आणि हबच्या आतल्या छर्ऱ्याला डबा कुठल्या देशातून आला ते कळत नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, पार्कचं पॉलिल्यूब साबणाऐवजी पॉलियुरियाने घट्ट केलेलं आहे आणि आपलं दुकानातलं बहुतेक लिथियमचं. ही दोन जातीची ग्रीस सहसा एकमेकांत जमत नाहीत, मिसळली की कधीकधी दोन्ही पातळ होऊन बाहेर वाहतात. म्हणून जुन्यावर नवीन चोपडायचं नाही. जुन्या हबमधे आधी कुठलं होतं हे तुम्हाला माहीतच नसणार, त्यामुळे तसाही पूर्ण धुवून मगच.

धुण्याचं असं, शहरात रॉकेल आता सहजी मिळत नाही, डिझेल चालतं. पेट्रोल घरात नको, वाफ आणि आग दोन्हीचा धोका, आणि तेल पूर्ण काढून टाकून ते लोखंड कोरडं करतं, पावसाळी हवेत तासाभरात गंजाची झाक दिसते. जुना टूथब्रश, डिझेल, आणि नंतर भांड्याचं लिक्विड लावून पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसून उन्हात किंवा फॅनखाली पूर्ण सुकवा. ही दुसरी पायरी लोक सोडतात. डिझेलचा थर आत राहिला की तो नवीन ग्रीसला पातळ करतो, मग महिन्याभरात हबमधून तेल ओघळतं आणि माणूस ग्रीसला नावं ठेवतो. खराब डिझेल बेसिनमधे ओतू नका, बाटलीत भरून जवळच्या गॅरेजला द्या, ते जुन्या ऑइलबरोबर देतात.

आता जोडणी. हब उघडलात की कप आणि कोन दोन्ही उजेडात धरून बघा, घासलेली चकचकीत पट्टी चालते, पण खड्डे पडले असतील तर जगातलं कुठलंही ग्रीस ते भरून काढत नाही. कोन बदला, स्वस्त असतो. कप हबमधे ठोकलेला असतो, तो गेला असेल तर हब बदलायचा विचार करा. छर्रे मात्र प्रत्येक वेळी नवे टाका, इतकी किरकोळ किंमत असते की जुने परत घालण्यात अर्थ नाही. सहसा मागे पाव इंची, एका बाजूला ९, पुढे ३/१६ इंची, एका बाजूला १०, हेडसेटला ५/३२, पण जुन्या फ्रेमला कोणी काय घातलं असेल सांगता येत नाही, जुना छर्रा आणि कोन दोन्ही दुकानात घेऊन जा आणि मापून घ्या.

किती लावायचं? इंजिनिअरिंगवाले सांगतील की बेअरिंगमधली मोकळी जागा एक तृतीयांशच भरायची. ते हजारो आरपीएमच्या मोटरला बरोबर आहे, जास्त भरलं तर ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. आपल्याकडे २४० आरपीएम. इथे ग्रीस वंगण तर आहेच पण पाण्याला अडवणारी भिंत पण तेच आहे. त्यामुळे हबमधे सढळ हाताने. कप पूर्ण भरा, छर्रे त्यात एकेक दाबून बसवा, त्यांच्यावर अजून एक थर, कोन घट्ट करताना बाहेर गोल कडं येईल ते फडक्याने पुसा, पण कोन आणि डस्ट कॅपच्या मधे जे अडकलंय ते राहू द्या, पहिल्या पावसाचं पाणी तिथेच थांबतं. हबच्या मधल्या पोकळीत भरायची गरज नाही, एक्सलला बोटाने हलका हात फिरवला की गंजापासून बचाव होतो तेवढा पुरे.

ग्रीस लावायला मेडिकलमधून १० किंवा २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. मागून दट्ट्या काढून डब्यातलं ग्रीस आत भरा आणि डब्याचं झाकण लगेच लावून टाका. अर्ध्या किलोच्या डब्यात मातीचं बोट एकदा बुडलं की तो डबा गेला, त्यातली बारीक रेती तुम्ही पुढची दहा वर्षं प्रत्येक बेअरिंगमधे स्वतःच्या हाताने घालणार. सिरिंजने हे सगळं टळतं आणि नेमक्या जागी जातं.

हेडसेट. याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि पुण्यात सगळ्यात आधी हाच मरतो. कारण तो फिरत नाही. सरळ रस्त्यावर छर्रे एकाच जागी बसून असतात आणि प्रत्येक स्पीडब्रेकर, प्रत्येक खड्डा त्याच जागेवर आदळतो. मधलं ग्रीस दाबून बाजूला होतं, धातूला धातू घासतो, आणि काही महिन्यांत कपमधे छर्ऱ्यांच्या जागा तयार होतात, मग हँडल सरळवर येऊन टक्कन अडकतं. वर खालचा कप पुढच्या चाकाच्या फवाऱ्यात. म्हणून इथे कंजुषी अजिबात नको, दोन्ही कप काठोकाठ भरा, इथे घुसळण्याचा प्रश्नच नाही. मडगार्ड लावा, पुढच्याला खाली रबरी फ्लॅप असलेला, त्याने हेडसेटचं आयुष्य जितकं वाढतं तितकं महागातल्या महाग ग्रीसने वाढत नाही.

तुमची फ्रेम जुनी म्हणजे स्टेम क्विलवाला असणार, फोर्कच्या नळीत आत घुसतो तो. तो अ‍ॅल्युमिनियमचा, नळी स्टीलची, दोन वेगळे धातू आणि मधे घाम आणि पावसाचं पाणी, हे एकमेकांना असे धरतात की नंतर हातोड्यानेही निघत नाहीत. सीटपोस्टचं अगदी तेच. या दोन ठिकाणी ग्रीस फिरण्यासाठी नाही लावायचं, पाणी मधे येऊ नये म्हणून लावायचं. सीटट्यूबच्या आतून आणि पोस्टच्या बाहेरून पूर्ण थर द्या, स्टेमची वेज आणि तिचा बोल्टही ग्रीस करा, आणि वर्षातून एकदा दोन्ही बाहेर काढून पुसून परत लावा. नुसतं ढिलं करून वर-खाली केलं तरी चालेल पण हलवा. दुकानात अशा जाम झालेल्या पोस्टवाल्या फ्रेम नेहमी येतात, चांगल्या फ्रेमचा जीव जातो बिचारीचा, आणि सगळं चमचाभर ग्रीससाठी. माझ्या मते सायकल बांधताना ग्रीसचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, बेअरिंग खराब झालं तर बदलता येतं, अडकलेल्या पोस्टला बहुतेक वेळा करवत लागते.

थ्रेडचंही तसंच. पेडलचे आटे, बॉटम ब्रॅकेटचे आटे, फ्रीव्हील ज्यावर बसतं ते हबचे आटे, सगळ्यांना ग्रीस. फ्रीव्हील तर प्रत्येक पॅडलला स्वतःला घट्ट करत असतं, कोरडं बसवलं तर वर्षाने ते काढायला व्हाइस आणि दोन माणसं लागतात. आटे कुठल्या दिशेचे ते आठवणीत असू द्या, डावं पेडल उलट्या आट्याचं, आणि बीएसए (आट्यांचं नेहमीचं इंग्लिश माप) बॉटम ब्रॅकेटचा उजव्या बाजूचा, चेनकडचा कप उलट्या आट्याचा. चौकोनी टेपरच्या (निमुळत्या चौकोनी एक्सलवर बसणाऱ्या) क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांडीला, ग्रीस लावावं की नाही यावर मेकॅनिकांत दोन पक्ष आहेत, मी अगदी बोटावरचा उरलेला पातळ हात देतो आणि सांगितलेल्या टॉर्कला थांबतो, पुढे ओढत नाही. त्याच्या बोल्टच्या आट्यांना मात्र नक्की लावा. टायटॅनियमचा बोल्ट किंवा फ्रेम असेल तर साधं ग्रीस पुरत नाही, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लागतं, कारण टायटॅनियम आट्यातच चिकटतं.

ज्या बोल्टवर निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावून आलंय तिथे ग्रीस नाही. डिस्क रोटरचे बोल्ट, कॅलिपरचे बोल्ट. तिथे ते ढिले न होणं महत्त्वाचं आहे आणि ग्रीसचा हात ब्रेककडे जाताच कामा नये. रोटरला किंवा पॅडला नुसतं बोट लागलं तरी ब्रेक किंचाळतो आणि पकडत नाही, पॅडमधे मुरलं तर पॅड फेकावेच लागतात. रिम ब्रेकवाल्यांनी रिमच्या कडेबद्दल हेच समजा. हब आणि ब्रेकचं काम एकाच दिवशी करणार असाल तर मधे हात साबणाने धुवा, नाहीतर ग्लोव्ह्ज बदला.

फ्रीव्हील आणि फ्रीहबच्या (फ्रीव्हीलचंच काम करणारा, हबला जोडलेला भाग) आत घट्ट ग्रीस का नाही, तर तिथे छोटे पॉल, म्हणजे दातात अडकणाऱ्या खिट्ट्या, असतात, बारीक स्प्रिंगवर उघडणारे. घट्ट ग्रीसमधे ते चिकटून बसतात, डिसेंबरच्या पहाटे खडकवासल्याकडे निघालात, पारा १० च्या खाली, पॅडलवर उभे राहिलात आणि पॉल लागलेच नाहीत तर पाय एकदम खाली, छाती हँडलवर. हे खरंच धोक्याचं आहे. तुमच्या आट्याच्या फ्रीव्हीलमधे पातळ मशीन ऑइलचे थोडे थेंब मागच्या फटीतून, चाक आडवं धरून, उलटं फिरवत. कॅसेटवाल्या फ्रीहबला कंपनीने सांगितलेलं पातळ ग्रीस, आणि डीटी स्विसच्या रॅचेटला त्यांचं स्वतःचं वेगळं येतं, तिथे डोकं चालवायचं नाही, तेच वापरायचं.

चेनला ग्रीस लावू नका. अजूनही काही जण लावतात, बाहेरून काळं चकचकीत दिसतं पण आत पिनपर्यंत पोचत नाही आणि सगळी धूळ धरून ठेवतं. केबलला पण नाही, आजकालच्या आउटरमधे (केबलवरचं बाहेरचं आवरण) आतून प्लॅस्टिकची नळी असते, घट्ट ग्रीसने ती उलट जड होते. स्पोकच्या आट्याला चाक बांधताना तेलाचा एक थेंब मात्र द्या.

मुलीच्या एमटीबीचा फोर्क. त्याचे सील रबराचे, आणि लिथियमवाल्या साध्या ग्रीसने काही सील फुगतात, खराब होतात, वर ते घट्ट असल्यामुळे छोट्या खड्ड्यांना फोर्क हलतच नाही. सस्पेन्शनसाठी मऊ, सीलला चालणारं ग्रीस येतं, स्रॅमचं बटर किंवा स्लिकोलियम, ऑनलाइन मिळतं, छोटी डबी कितीतरी वर्षं पुरते. साधा स्प्रिंगवाला फोर्क असेल तरी हेच.

कार्बनचं एका वाक्यात, कार्बन पोस्ट किंवा कार्बन फ्रेमला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट, तिच्यात बारीक कण असतात जे पकड वाढवतात म्हणून कमी टॉर्कला पोस्ट घसरत नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल पण लिहायलाच हवं कारण घराघरात ती बाटली आहे आणि करकर आली की लोक हबमधे मारतात. १९५३ मधे अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी म्हणून ती बनवली, नावातला डब्ल्यूडी तोच, वॉटर डिस्प्लेसमेंट. गंजलेला बोल्ट सोडवायला सुंदर. पण त्या नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्यात बराचसा भाग सॉल्व्हंट आहे, बेअरिंगमधे मारली की चांगलं ग्रीस धुवून बाहेर काढते, दोन दिवस आवाज जातो आणि मग कायमचा येतो. व्हॅसलीन, खोबरेल, घरातलं कुठलंही खाद्यतेल, हे पण नको. व्हॅसलीन आपल्या उन्हाळ्यातच पातळ होतं, खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि खाद्यतेल काही महिन्यांत डिंकासारखं चिकट होतं.

सीलबंद बेअरिंग, म्हणजे ६००१, ६९०२ वगैरे नंबरचे, ते तुमच्या हबमधे नाहीत पण बॉटम ब्रॅकेट कार्ट्रिजवाला टाकलात तर आत तेच असतं. ते आतून भरलेलं येतं, काही करायचं नाही, बाहेरून आटे तेवढे ग्रीस करा. कोणाच्या हबमधे ६९०२ असेल तर ब्लेडच्या टोकाने रबरी सील हळूच उचलून, धुवून, नवीन भरून परत दाबता येतं, पण हाताला खडबड लागत असेल तर भरू नका, नवीन टाका.

वेळापत्रक तुमच्या वापराला असं ठेवा: मे संपताना एकदा हेडसेट आणि दोन्ही हब उघडून बघा, आणि पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या मधे परत. मधे कधी सायकल एक्सलच्या वर पाण्यात गेली, नदीपात्रात किंवा कुठल्या ओढ्यावर, तर दिवाळीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात उघडा, पाणी आत राहिलं की छर्ऱ्यांवर डाग पडायला चार-पाच दिवस पुरतात. आणि सायकल स्कूटरच्या वॉशिंग सेंटरला कधीही नेऊ नका, तो प्रेशरचा पाइप हबच्या बाजूने मारला की कुठलंच ग्रीस, कुठलाच सील ते पाणी अडवत नाही. बादली, मग, स्पंज, आणि पाणी वरून सोडायचं, बाजूने नाही.

कोन सेट करताना एक्सलला अगदी किंचित प्ले (ढिलेपणा) राहू द्या, क्विक रिलीज (लिव्हरने आवळायचं एक्सल) असेल तर ते आवळल्यावर तो प्ले जातो, नटवालं एक्सल असेल तर प्ले शून्य पण फिरताना कुठेही अडकायला नको. नवीन ग्रीस भरलेलं चाक हातात जरा जड फिरतं, त्याला घट्ट समजून कोन ढिला करू नका, पन्नासेक किलोमीटर चालवा, जास्तीचं ग्रीस बाजूला होतं, मग परत तपासा आणि बाहेर आलेलं पुसून टाका.